ऑपरेशन थिएटरातली अक्का

थिएटरात पाऊल टाकलं की ती आधी वर बघायची.

आम्ही बाकीच्या खाली बघत आत शिरायचो. फरशी नुकतीच पुसलेली असायची आणि पायांतल्या रबरी चपला घसरायच्या. ती मात्र मान वर करून छताला टांगलेल्या मोठ्या दिव्याकडे बघायची. दिवा लावायची, विझवायची, परत लावायची. मग आमच्याकडे वळून म्हणायची, "हां. आता गुड मॉर्निंग." दिव्याच्या आधी तिनं कुणाला नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. एकदा हॉस्पिटलचे ट्रस्टी पाहुण्यांना घेऊन थिएटर दाखवायला आले. तेही दिवा लागेपर्यंत दारात उभे राहिले, आणि मग हिनं त्यांना हसून नमस्कार केला.

तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर तुम्हाला सर्जन आठवत असेल, भूल देणारा डॉक्टर आठवत असेल, 'घाबरू नका' म्हणणारी सिस्टर तर नक्कीच आठवत असेल. पण तुम्हाला आत आणायच्या आधी कुणीतरी टेबलाचा चाप तपासलेला असतो. रक्त ओढून घेणारं सक्शनचं यंत्र चालू करून पाहिलेलं असतं, वाफेच्या भट्टीतून निघालेली इन्स्ट्रुमेंटं उघडायच्या आधी ती नीट तापली होती ना याची खात्री केलेली असते. हे काम ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटी टेक्निशियनचं. आता त्यांना टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. त्या काळी आमच्या हॉस्पिटलात त्यांना काहीच म्हणत नसत. "ए, ते सक्शन बघ," एवढंच.

मी मूळची मिरजेची. तिथंच नर्सिंग शिकले. नवऱ्याची बँकेतली नोकरी म्हैसूरला आली म्हणून आम्ही सरस्वतीपुरमात बिऱ्हाड केलं आणि मी शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात थिएटर नर्स म्हणून लागले. कन्नड येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी हात धुण्याच्या बेसिनपाशी उभी राहून पुटपुटत होते, "आता या आयाबाईला साबण कसा मागायचा?" शेजारून आवाज आला, "साबण म्हणूनच मागा की वैनी. मी देतो."

मी चमकून बघितलं. सावळी, उंच, हिरव्या टोपीत सगळे केस कोंबलेली मुलगी. मराठी बोलत होती आणि आमच्या मिरजेकडच्या बायकांसारखं 'मी देतो, मी येतो' म्हणत होती. तिचं घराणं रंगाऱ्यांचं, कापड रंगवणाऱ्यांचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलेलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्ही. "स्वल्प थांबा हां वैनी" असं ती म्हणाली की 'स्वल्प' तिला कन्नड वाटायचं आणि मला जुन्या पोथीतलं मराठी. दोघींचंही बरोबर होतं.

वयानं ती माझ्यापेक्षा लहान. तरीही आया, वॉर्डबॉय, लिफ्टवाले आजोबा, सगळे तिला 'अक्का' म्हणायचे. कन्नडात अक्का म्हणजे थोरली बहीण. मग मीही अक्काच म्हणू लागले, आणि ती मला वैनी. थिएटरच्या आत मात्र 'सिस्टर'. तो नियम तिचा तिनंच केलेला.

ती ओटी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करून आली होती. तेव्हा हा अभ्यासक्रमच नवा होता. मुलं थोडी, मुली त्याहून थोड्या. तिला तिथं इन्स्ट्रुमेंटं द्यायलाही शिकवलं होतं. म्हणजे कोपरापर्यंत हात धुऊन, गाऊन आणि ग्लोव्हज चढवून, सर्जनच्या समोर उभं राहून, त्याच्या हातात हवी ती वस्तू हव्या त्या क्षणी द्यायची. आम्ही त्याला 'स्क्रब करणं' म्हणतो. पण आमच्या थिएटरात स्क्रब करायचा मान नर्सचा. ती भिंतीशी, यंत्रांपाशी.

हा नियम मोठ्या सिस्टरांचा. त्या थिएटरच्या प्रमुख, केरळच्या, अंगानं बारीक आणि आवाजानं मोठ्या. त्यांची बाजूही समजून घ्या. त्यांनी नर्सिंगला मान नसलेले दिवस पाहिले होते, आणि टेबलाजवळची ती जागा भांडून मिळवली होती. "माझ्या मुली रुग्णाच्या अंगाला स्पंज करण्यापासून शिकत वर येतात," त्या म्हणायच्या. "दोन वर्षं यंत्रं शिकलेली मुलगी माझ्या टेबलापाशी उभी राहणार नाही."

त्यांची पाठ वळली की अक्का माझ्या कानाशी म्हणायची, "टेबल पेशंटचं असतं हो वैनी. आपण सगळे पाहुणे."

मग ती बस उलटली.

हुणसूरच्या रस्त्यावर, दुपारी. बसमध्ये तंबाखूच्या भट्ट्यांवर कामाला जाणाऱ्या बायका होत्या. जखमी वाटून वाटून शहरातल्या हॉस्पिटलांत आले, तसे आमच्याकडेही आले. दोन थिएटरं लगेच भरली. एकात मोठ्या सिस्टर स्वतः स्क्रब झाल्या, दुसऱ्यात आमची अनुभवी नर्स. तेवढ्यात आणखी एक बाई आली. तरुण, पांढरीफटक, पोट फुगलेलं. प्लीहा फाटली होती आणि पोटात रक्त साचत होतं. तिसरं थिएटर छोटं होतं, किरकोळ कामांसाठी ठेवलेलं. सर्जन हात धुता धुता ओरडले, "स्क्रबला कोण आहे?"

कुणीच नव्हतं. मी पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांना तोवर एकटी उभी राहिलेली नव्हते. मी धावत मोठ्या सिस्टरांच्या दारापाशी गेले. त्यांचे हात एका मोडलेल्या मांडीच्या कामात होते. मी काय ते सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ती कुठं आहे?"

"कोण?"

"कोण म्हणजे? टेक्निशियन. तिला हात धुवायला सांग."

मी सांगितलं तेव्हा अक्काच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही दिसला नाही. ती बेसिनकडे वळली आणि नळाखाली कोपर धरून म्हणाली, "मग माझं काम तुम्हाला करावं लागेल, सिस्टर."

ते किती खरं ठरेल हे दोघींनाही माहीत नव्हतं. सर्जननी पोट उघडलं. रक्त उसळून आलं. सक्शन घरघरत होतं, अक्का रक्त टिपायचे कापडी मॉप एकामागून एक देत होती, आणि दिवे गेले.

जनरेटर सुरू झाला. आवाज आम्हाला ऐकू आला, पण आमच्या छोट्या थिएटरात उजेड आला नाही. त्याची तार कुठंतरी तुटली असावी. सक्शन बंद पडलं. खिडक्यांना आतून हिरवा रंग दिलेला, त्यातून शेवाळासारखा उजेड येत होता. सर्जनचा हात त्या बाईच्या पोटात, रक्तवाहिनी बोटांत दाबून धरलेली. ते म्हणाले, "मी सोडू शकत नाही. मला दिसायला हवं."

अक्काचे हात निर्जंतुक होते. तिला टेबलाबाहेर कशालाच हात लावता येत नव्हता. आणि यंत्रं मला येत नव्हती.

"वैनी," ती म्हणाली. थिएटरात वैनी म्हणण्याची ती पहिलीच वेळ. "कोपऱ्यात उभा दिवा आहे, बॅटरीचा. ओढून आण. मागं बटण आहे, तांबडं. अगं, ते नको, त्याच्या खालचं. दाब. अजून. हां! डोक्याच्या बाजूनं आण. हळू, हळू, नळीवर चढेल. तिथंच थांब. आता दिव्याची मान खाली कर."

उजेड पडला. सर्जननी वाहिनीला चिमटा लावला. पण रक्ताचं तळं साठलेलंच होतं.

"आता खालच्या फळीवर पायाचं सक्शन आहे. नळी मला नको देऊ, टोक माझ्याकडं आहे. तुझ्या बाजूचं जोड. आता पायानं मार. शिवणयंत्र मारतेस ना घरी, तसं. जोरात! थांबू नकोस."

मी पाय मारत राहिले. ती हनुवटीनं दाखवायची, तोंडानं सांगायची, आणि तिचे हात मात्र सर्जनकडेच असायचे. चिमटा, कात्री, दोरा. माझ्याशी मराठी, सर्जनशी इंग्रजी, भूल देणाऱ्या डॉक्टरशी कन्नड. एकदाही भाषांची सरमिसळ झाली नाही, जी तिची एरवी वाक्यावाक्याला व्हायची! भूलतज्ज्ञ हातानं पिशवी दाबून त्या बाईला श्वास देत होते. ते म्हणाले, "अक्का, नाडी भरतेय." तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की माझ्या पोटरीला गोळे आलेत.

ती बाई वाचली. टाके काढायला आली तेव्हा तिच्या केसांना तंबाखूच्या पानांचा वास होता. तिला आमच्यापैकी कुणीच आठवत नव्हतं. अक्का म्हणाली, "तेच बरं. आठवलं असतं तर भूल कमी पडली म्हणायची."

त्या दुपारनंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली, त्या गडबडीत ती मला अगं-तुगं करू लागली होती. पुढं ते तसंच राहिलं. दुसरी, मोठ्या सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलावलं. त्या अक्काकडे बघून म्हणाल्या, "उद्यापासून सकाळच्या केसला तू स्क्रब होशील." मग आमच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही यंत्रं शिकाल. काल हिला तांबडं बटण सापडत नव्हतं म्हणे." सगळ्या हसल्या. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत, पण त्यांनी आपल्या हातानं अक्काचा कप भरला. ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी केस नसायच्या. तेव्हा आमची शाळा सुरू झाली. अक्का आम्हा नर्सना वाफेची भट्टी, सक्शन, टेबलाचे चाप शिकवायची. मोठ्या सिस्टर तिला आणि नव्या टेक्निशियनना आमचं काम शिकवायच्या. भूल चढण्याआधी रुग्णाचा हात कसा धरायचा, उघड्या अंगावर चादर कशी ओढायची, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मॉप दोघींनी मिळून मोठ्यानं कसे मोजायचे. कुणी 'हे नर्सचं, ते टेक्निशियनचं' असं सुरू केलं की अक्का म्हणायची, "टेबल पेशंटचं असतं गं." आणि मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "बरोबर. पण टॉवेल माझे आहेत, मोजून परत द्या."

बरीच वर्षं अशी चांगली गेली. शहरातले सर्जन केस लावताना विचारायचे, "अक्का आहे ना?" मला तिचा हेवा वाटला नाही. अभिमान वाटायचा, आणि तो मी मिरवायचेही. माहेरी गेले की सांगायचे, आमच्या थिएटरात एक आहे, तिच्या हातून इन्स्ट्रुमेंट घेताना सर्जनला टेबलावरची नजर काढावी लागत नाही.

मग तिच्या हातांवर पुरळ आलं.

आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटापर्यंत. रबरी ग्लोव्हज आणि त्यांतली पावडर तिच्या कातडीला सोसेनाशी झाली होती. ती मलम लावायची, आतून सुती हातमोजे घालायची, कुणाला सांगायची नाही. पुढं ग्लोव्हजचं पाकीट फोडलं की तिला शिंका येऊ लागल्या, धाप लागू लागली. वेगळ्या प्रकारचे ग्लोव्हज तेव्हा आमच्याकडे मिळत नसत.

एका सकाळी ती बेसिनपाशी हात धूत होती. मध्येच तिनं नळ बंद केला. हात उजेडात धरून उलटसुलट पाहिले. भेगा पडल्या होत्या, एकीतून रक्त आलेलं. ती मोठ्या सिस्टरांपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला स्क्रबवरून काढा. माझे हात आता स्वच्छ होत नाहीत."

कुणी पकडलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. भेगांत जंतू राहतात, ते रुग्णाला बाधू शकतात, एवढं तिला माहीत होतं आणि तेवढं तिला पुरलं.

हॉस्पिटलनं तिला कपड्यांच्या स्टोअरला बसवलं. त्या रविवारी ती आमच्या घरी आली. माझे यजमान बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, ते उठून आत गेले. तिच्यापुढची कॉफी निवून गेली.

"आमच्या बाबांचे हात मी कधी पांढरे बघितले नाहीत," ती म्हणाली. "निळे, नाहीतर तांबडे. जेवताना पण. लग्नकार्यात ते हात पाठीमागं ठेवून उभे राहायचे. घरातली मी पहिली, जिचे हात कामावरून येताना स्वच्छ असायचे. बाबा संध्याकाळी माझे हात बघायला मागायचे गं. नुसते बघायचे."

मी तिचे हात हातात घेतले. ती रडली. तिला रडताना मी तेवढ्या एकदाच पाहिलं.

थोड्याच दिवसांत हॉस्पिटलनं स्वतःचा प्रशिक्षणवर्ग काढायचं ठरवलं. टेक्निशियन आणि थिएटर नर्स, दोघांसाठी. शिकवायला कोण, यावर बैठक झाली. निवृत्तीला आलेल्या मोठ्या सिस्टरांनी अक्काचं नाव घेतलं. एक डॉक्टर म्हणाले, "पण तिला ग्लोव्हजच घालता येत नाहीत. ती शिकवणार कशी?"

"शिकवायला तोंड लागतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ते तिचं शाबूत आहे. मी खात्री देते."

अशी ती शिक्षिका झाली. पहिल्या दिवशी वर्गात नर्स एका बाजूला आणि टेक्निशियन दुसऱ्या बाजूला बसले. तिनं सगळ्यांना उठवलं आणि एकाआड एक बसवलं. "टेबलापाशी असंच उभं राहायचंय," म्हणाली, "आजपासून सवय करा."

बैलकुप्प्याच्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीतून एक मुलगी आली होती. शांत, गोल चेहऱ्याची, कन्नड बरं बोलणारी. पहिल्याच ऑपरेशनला ती डोलायला लागली. अक्का दारातून म्हणाली, "पडायचं तर भिंतीकडं पड. टेबलाकडं नको." मुलगी निमूटपणे भिंतीकडे सरकली आणि पडली. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्या वेळी ती आलीच नाही. पिशवी भरून घरी निघून गेली.

"चल," अक्का मला म्हणाली. रविवारी आम्ही दोघी बसनं बैलकुप्प्याला गेलो. मुलीची आई सतरंज्या विणायची. तिनं आम्हाला लोणी-मीठ घातलेला चहा दिला. अक्कानं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि मला हळूच म्हणाली, "रसम म्हणून पी, जाईल."

मुलगी खाली मान घालून बसली होती. "माझ्यानं रक्त बघवत नाही," म्हणाली.

"कुणाच्यानं बघवतं?" अक्का म्हणाली. "मी पहिल्यांदा ओकले होते. डॉक्टरच्या बुटावर. रक्ताकडं बघूच नकोस. सर्जनच्या हाताकडं बघ. आता त्याला काय लागेल एवढंच बघ. हाताकडं बघणाऱ्याला चक्कर यायला सवड नसते."

मुलीनं विचारलं, "आणि तरी पडले तर?"

"तर उचलू. भिंत आहेच."

आई काही समजत नसतानाही हसली. मुलगीही हसली. ती आमच्याबरोबरच बसनं परत आली. बसमध्ये झोप लागल्यावर तिचं डोकं अक्काच्या खांद्यावर होतं, आणि अक्का हुणसूर गेलं तरी खांदा हलवत नव्हती. ती मुलगी पुढं वर्गात पहिली आली. अक्कानं तिची पाठ थोपटली नाही. नुसतं मला म्हणाली, "नोड गं, बघ, आपली पोरगी," आणि भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिली.

तिच्या हाताखालून किती जण गेले ते मी मोजलेलं नाही. शहरातल्या कुठल्याही हॉस्पिटलात मी नातलगांना भेटायला गेले की कुणी ना कुणी हिरव्या कपड्यातलं थांबून विचारायचं, "अक्का कशा आहेत?" मी सांगायचे, "आहे तशीच. भांडते." ते खूश होऊन जायचे.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत ती गेली. धाप बळावली होती. लग्न तिनं केलं नव्हतं, भावाच्या कुटुंबात राहायची. मी पोहोचले तेव्हा त्यांच्या अरुंद गल्लीत स्कूटर लावायला जागा नव्हती. नर्स होत्या, टेक्निशियन होते, डॉक्टर होते. कोण काय आहे हे साध्या कपड्यांत ओळखू येत नव्हतं. सगळे एकमेकांत मिसळून उभे होते.

तिला उचलायची वेळ झाली तेव्हा भाऊ म्हणाला, "अजून कुणी यायचंय का?" कुणीतरी सांगितलं, बैलकुप्प्याची येते आहे. ती आता एका मोठ्या हॉस्पिटलात थिएटरची प्रमुख झाली होती. निरोप मिळाला तेव्हा ती टेबलापाशी उभी होती. निरोप ऐकूनही ती केस सोडून निघाली नव्हती.

भाऊ म्हणाला, "मग थांबू."

उन्हात सगळे थांबले. ती आली तेव्हा कपाळावर टोपीचा वळ तसाच होता. गर्दी बाजूला झाली. तिनं पिशवीतून पांढरं रेशमी वस्त्र काढलं, तिबेटी लोकांत मानानं निरोप देताना देतात तसं, आणि ते अक्काच्या अंगावर नीट, एकही चुणी न ठेवता पसरलं. मग खाली वाकली आणि बाजूला उभ्या असलेल्या आम्हाला ऐकू येईल इतक्या आवाजात कन्नडात म्हणाली,

"केस संपली, अक्का. पेशंट बरा आहे."